अवंदा बाटली नव्हती

सुरभीने रिसीव्हर मान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबला आणि मोकळ्या हाताने खिडकी ओढून घेतली. खालच्या कारखान्यात गणपतींना रंगाचा फवारा मारायला सुरुवात झाली होती आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीत रोह्याच्या डॉक्टरांचा आवाज बुडत होता.

"पुन्हा सांगा डॉक्टर. किती जण?"

"पाच. सगळी पंचविशीच्या आतली पोरं, निडीकडची. काल संध्याकाळी शेतात ते... पोपटी का काय म्हणतात, ते लावलं होतं. रात्रीपासून उलट्या, जुलाब. चिकन खराब निघालं असणार. चौघे बरे आहेत, सलाईन लावलंय. पण एकाचं मला बरं दिसत नाही."

डॉक्टर तरुण होते, लातूरकडून नुकतेच रोह्याच्या दवाखान्यात आले होते. पोपटी म्हणजे काय हे त्यांना आज सकाळीच कळलं असावं. सुरभीला ते कुणी सांगायला नको होतं. मडक्याच्या बुडाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधोमध मसाला लावलेली कोंबडी नि अंडी, वरून पुन्हा पाला. मग मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. थंडी पडून वाल शेंगांवर आला की पेणपासून रोह्यापर्यंत एकही शिवार या धुरातून सुटत नाही. आणि पोपटीनंतर कुणाचं पोट बिघडलं तर आळ कोंबडीवर येतो. कोंबडी विकतची असते; शेंगा आपल्या मातीतल्या.

"बरं दिसत नाही म्हणजे काय दिसतं?"

"घामाने चिंब झालाय. तोंडातून लाळ सारखी गळतेय, छातीत घरघर आहे. जितेश नाव."

निडी सुरभीचंच गाव. निडीकडे जितेश नावाची पोरं दोन-तीन तरी होती, असं तिने स्वतःला सांगितलं.

"डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्यात?"

"बारीक वाटतात. पण खिडकीचं ऊन थेट तोंडावर येतंय."

"हाताची सावली धरा आणि पुन्हा बघा. मी थांबते."

तिकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. सुरभी थांबली. थांबणं हाच तिच्या कामाचा मोठा भाग होता. विषबाधेचा रुग्ण आला की आजूबाजूचे डॉक्टर पेणच्या या दोन खोल्यांच्या केंद्राला फोन करत. काय पोटात गेलं असेल, त्यावर काय द्यायचं, किती द्यायचं, हे इथून सांगायचं. रुग्ण कधी दिसत नसे. तिचे वडील हैबतराव याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणत, आणि गावातल्या बाया तिला कौतुकाने विषबाई म्हणत.

पण इतकी वर्षं फोन घेतल्यावर तिला एक दिसू लागलं होतं. विषाचेही हंगाम असतात. भाताच्या आवणीच्या दिवसांत बांधातल्या खेकड्यांना मारायला घालायचे दाणे. श्रावण जवळ आला की गणपतीच्या कारखान्यांतला, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेला थिनर. निकाल लागले की उंदरांचं औषध. त्या फोनवर कारण विचारायचं नसतं, फक्त नाव विचारायचं. आणि नाव विचारलं की उत्तर एकच यायचं, 'औषध'. तापावर घेतात ते औषध, पिकावर मारतात तेही औषध, उंदराला घालतात तेही औषधच. आपल्या लोकांकडे विष नावाची वस्तूच नाही, असं ती चिडून कधीतरी अमीना मॅडमना म्हणाली होती. अमीना मॅडम केंद्राच्या प्रमुख. त्या हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "असते ना. पण ती नेहमी शेजारच्याच्या घरात असते."

"सावलीतही तेवढ्याच," डॉक्टर परत आले. "मोहरीएवढ्या."

"मग हे चिकन नाही. फवारणीचं औषध असणार. अॅट्रोपिन सुरू करा, भरपूर."

"अहो, पण सगळे शपथेवर सांगताहेत, शेंगा घरच्या आहेत, औषध मारलेलंच नाही. त्याची नाडी आधीच पळतेय. थोडं देतो मी, पण तुम्ही म्हणता तेवढं ओतलं आणि काही भलतं झालं तर बाहेर सगळं गाव बसलंय."

त्यांची भीती खोटी नव्हती. सुरभीला राग आला तो त्यांचा नाही, त्या शपथांचा आला.

"शुद्धीवर असलेल्या एखाद्याला फोन द्या."

थोडी कुजबुज झाली, मग एक खोल गेलेला आवाज आला. "हॅलो. मी ऋत्विक."

"ऋत्विक, मी सुरभी. हैबतरावांची."

"ताय?" तो म्हणाला. हा तर त्यांच्याच आळीतला, जितेशबरोबर हिंडणारा. म्हणजे जितेश तो मैनाकाकीचाच. शेजारचाच. धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, ती सुट्टीला घरी आली की तिची बॅग स्टेशनवरून उचलून आणणारा.

"शेंगा कुणाच्या?"

"घरच्याच."

"घरच्या म्हणजे तुझ्या, का जितेशच्या?"

उत्तर येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पोपटीच्या शेंगा घरच्या कधीच नसतात. त्या दुसऱ्याच्या शेतातून अंधार पडता पडता काढायच्या असतात. त्याशिवाय त्यांना चव येत नाही. आणि कुणाच्या ते विचारायचं नसतं. शेताचा मालक धूर बघून आलाच तर त्यालाही पानावर मूठभर वाढतात. तोही आपल्याच शेंगा सोलून खातो, चांगल्या झाल्यात म्हणतो आणि घरी जातो. तिच्या आजोबांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं. पोरं चोर नव्हती. ती रीत पाळत होती.

"ऋत्विक, ऐक. मी कुणाला सांगणार नाही. पण मला कळलं नाही तर जितेश जाईल."

तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"तुमच्याच गो ताय. काकांच्या शेतातल्या." आणि मग घाईघाईने, स्वतःला सोडवून घेतल्यासारखं, "अवंदा बाटली नव्हती. दरवर्सी असते, तर आमी तिकडं जात नाय. अवंदा बाटली दिसली नाय, म्हणून गेलो."

सुरभीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती बाटली तिच्या लहानपणापासून होती. वाल शेंगांवर आला की हैबतराव शेताच्या कोपऱ्यात एक खुंट ठोकत आणि त्याला औषधाची रिकामी बाटली सुतळीने बांधून उलटी टांगत. अर्थ सगळ्यांना कळायचा: इथे फवारलंय, हात लावू नका. खरं तर हैबतरावांनी जन्मात वालाला औषध मारलं नव्हतं. बाटलीसुद्धा दुसऱ्याच्या बांधावर सापडलेली. पोपटीवाल्या पोरांना लांब ठेवायची ती त्यांची युक्ती होती, आणि आपण अख्ख्या गावाला बनवतो याची त्यांना मोठी गंमत वाटायची. सुरभी तर केंद्रातल्या सगळ्यांना सांगायची, बाबांच्या वालाला औषधाचा थेंब नाही. अमीना मॅडमच्या सासूबाई त्या शेंगांची दरवर्षी वाट बघायच्या.

दिवाळीत ती घरी गेली तेव्हा खुंटाची बाटली गोठ्याच्या कुडाला अडकवलेली होती. आदल्याच आठवड्यात वडखळकडून एक फोन आला होता. अशाच एका रिकाम्या बाटलीत कुणा लहानग्याने पाणी भरलं होतं आणि ते तो प्यायला होता. ते पोर वाचलं नव्हतं. त्या फोनवरचा आवाज कानात असताना तिने ती बाटली पाहिली आणि तिचा तोल गेला. "लोकांना दिवसभर सांगते मी, आणि माझ्याच घरात हे?" ती म्हणाली. तिने बाबांना समोर बसवून बाटली धुवायला लावली, खिळ्याने तिला भोकं पाडायला लावली आणि परसात खोल पुरायला लावली. पुस्तकात तसंच सांगितलंय. "बरं बाई," हैबतराव म्हणाले, "तू शिकलेली." आणि हसून त्यांनी वर माती दाबली.

रोह्याचा फोन ठेवून तिने घरचा नंबर लावला. फोन बराच वेळ वाजला.

"बाबा, शेतात औषध मारलंत?"

"कोनी सांगितलं?"

"मारलंत का?"

"मी कदी औषध मारलंय का गो? तुला ठाव नाय?" आवाज नेहमीचाच, जरा मोठा. "का, काय झालं?"

"पोरांना बाधा झालीय. जितेश, ऋत्विक. पोपटीची."

"हां, मी ऐकलं सकाळी. कोंबडी शिळी असंल. त्या नाक्यावरच्या कोंबड्यांचा काय भरवसा." मग थोडं थांबून, "जितेश बरा हाय ना?"

"नाही," ती म्हणाली. "बरा नाही."

"आपल्या शेतात काय नाय," हैबतराव म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला.

सुरभी रिसीव्हर हातात घेऊन बसून राहिली. आता रोह्याला फोन करून काय सांगायचं होतं, ते सरळ होतं. शेतकरी म्हणतो, औषध मारलेलं नाही. हे वाक्य ती रोज कुणा ना कुणाच्या बापाच्या तोंडून ऐकायची आणि एक अक्षरही खरं धरायची नाही. बाहुल्या काय सांगतात ते बघा, माणसं काय सांगतात ते नंतर, हे तिनेच नव्या मुलींना शिकवलं होतं. पण हा माणूस तिच्यासमोर कधी खोटं बोलला नव्हता. एक बाटलीची गंमत सोडली तर कधीच नाही. तिला वाटलं, खरंच कोंबडी असेल. तिला ते असावं असं फार वाटलं.

अमीना मॅडम डबा घेऊन आत आल्या. त्यांनी सुरभीचा चेहरा पाहिला नाही, डबा खिडकीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांनी यंदा शेंगा नाही पाठवल्या? सासूबाई रोज डोकं खातात माझं."

"यंदा माव्याच्या किडीने खाल्ल्या सगळ्या," सुरभी म्हणाली. "संक्रांतीला मी विचारलं तर म्हणाले, यंदा शेंगाच नाहीत."

बोलता बोलता ती थांबली. शेंगाच नव्हत्या, तर पाच जणांचं मडकं भरलं कशाने?

कॉम्प्रेसर बंद पडला. खोलीत एकदम शांत झालं. सुरभीने पुन्हा घरचा नंबर फिरवला. या वेळी फोन लगेच उचलला गेला, जणू ते त्याच्यापाशीच उभे होते.

"बाबा, मला यंदा शेंगा का नाही पाठवल्या?"

 तिकडे मागे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"बाबा."

"तुला कशा पाठवू गो त्या?" ते म्हणाले.

सुरभीने डोळे मिटून घेतले.  तिच्या पोटात जाऊ नये एवढी काळजी या माणसाने घेतली होती. दारापुढून जाणाऱ्या जितेशसाठी ती काळजी उरली नव्हती.

"कधी मारलंत?"

"आदी एकदा संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. मग परवा. मळभ पडलं, मावा वर चढला, सगळा वाल काळा झाला गो. नागोठण्याच्या बाजारातनं आणलं. दुकानदार बोलला, जालीम हाय. आमचा वाल कदी गेला नाय असा. मला वाटलं, कोन कशाला जातंय आपल्या शेतात. कोनी जात नाय, माहीत हाय ना तुला."

"नाव काय औषधाचं?"

"इंग्रजी लिवलंय. मला कुठं वाचता येतं."

"बाटली कुठाय?"

"गोठ्यात. पेंढ्याखाली."

"ती पिशवीत घाला. हात धुवा साबणाने. रिक्षा करा आणि तशीच रोह्याला घेऊन जा, डॉक्टरांच्या हातात द्या."

"समद्यांना कळंल मग."

"बाबा," सुरभी म्हणाली.

"जातो," हैबतराव म्हणाले.

रोह्याच्या डॉक्टरांना तिने सरळ सांगितलं. औषध मारलेलं आहे, परवाच मारलंय, बाटली येतेय. बाटलीची वाट बघू नका, अॅट्रोपिन द्या, लाळ सुकेपर्यंत देत राहा.

"कशावरून पण?"

"शेतकऱ्याने स्वतः सांगितलंय."

"कुणी? कोण शेतकरी?"

"माझे वडील."

डॉक्टर म्हणाले, "देतो," आणि मागे कुणाला तरी हाक मारत त्यांनी फोन ठेवला. अमीना मॅडमनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं, सुरभीची पर्स टेबलाखालून काढून तिच्यापुढे ठेवली आणि तिच्या खुर्चीवर स्वतः बसल्या.

सुरभी रोह्याला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर हैबतराव बसले होते. अंगात बाजाराचा सदरा, डोक्याला टोपी. गुडघ्यांवर दोन्ही हात पालथे, जसे लग्नात परक्या मांडवात बसतात. बाटली आता त्यांच्याकडे नव्हती. डॉक्टरांनी तिच्यावरचं नाव वाचून घेतलं होतं आणि जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने ती कागदात गुंडाळून ताब्यात घेतली होती. जितेशला आतल्या खोलीत ठेवलं होतं. घशात नळी होती. तोंड कोरडं पडू लागलंय, डॉक्टर म्हणाले, ही चांगली खूण आहे. पण औषधाचा जोर पुन्हा उसळू शकतो, आताच काही बोलता येणार नाही.

हे सगळं तिला फोनवर शंभर वेळा सांगून पाठ झालं होतं. काचेतून बघताना त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. जितेशचे पाय चादरीबाहेर आले होते आणि टाचांना अजून शेतातली माती होती.

ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली.  आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाकडे?

मैनाकाकी आतून आली. पदराने तोंड पुसत तिने दोघांना पाहिलं आणि हैबतरावांपुढे उभी राहिली.

"दादा, तुमी कशाला आलात एवड्या उन्हाचं," ती म्हणाली. "माज्या पोराने तुमच्या शेंगा चोरल्या. ऋत्विकने सांगितलं मला. तोंड दाखवायला जागा ठेवली नाय कार्ट्याने. बरा झाला का तुमच्या पाया पडाया लावते."

हैबतरावांनी टोपी काढली. ती हातात फिरवली आणि पुन्हा डोक्यावर न घालता मांडीवर ठेवली.

"मैना, औषध मी मारलं," ते म्हणाले.

तिला ते लगेच कळलं नाही. ती काचेकडे आणि पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुमी? तुमी तर दरवर्सी मारता."

हैबतरावांचं तोंड उघडं राहिलं. इतक्या वर्षांत ती बाटली म्हणजे आपली एक गंमत, एवढंच ते धरून चालले होते. गावाला ती गंमत नव्हती. गावाने ती बाटली खरी मानली होती आणि पोराबाळांना तिच्यापासून लांब ठेवलं होतं.

"मग बाटली का नाय लावलीत?" मैनाकाकीचा आवाज चढला नाही. उलट तो अधिकच खाली गेला. "बाटली असती तर माजा पोर गेला असता का तिकडं? का नाय लावलीत दादा?"

सुरभी उठली. तिने तोंड उघडलंही. पण हैबतरावांनी तिच्याकडे न बघता तिचं मनगट धरलं.

"इसरलो," ते म्हणाले.

मैनाकाकी काचेकडे वळली.

"इसरलो गो मैना. वय झालं." आणि मग सुरभीला, मनगट सोडत, "पानी आन जरा काकीला."

सुरभी गेली. नळाखाली धरलेला पेला भरून वाहायला लागला तरी तिने तो काढला नाही. परत आली तेव्हा मैनाकाकी आत गेली होती. पेला तसाच बाकावर राहिला.

जितेश वाचला. आठवड्याने त्याला घरी आणलं, बारीक झालेला, आवाज बसलेला. पोलिसांचे दोन-तीन फेरे झाले. गाव हैबतरावांना काही बोललं नाही, आणि तेच जास्त जाचक होतं. वाटेत भेटणारे रामराम करत आणि थांबत नसत. सुरभी पुढच्या रविवारी घरी आली, तेव्हा ते परसात कुदळ घेऊन खणत होते.

"काय शोधताय?"

उत्तर न देता त्यांनी वाकून मातीतून जुनी बाटली बाहेर ओढली. भोकांत माती गच्च बसली होती. त्यांनी ती काडीने कोरून काढली.

"शेत तसंच उभं हाय," ते म्हणाले. "अवंदा एक शेंग काढणार नाय मी. पण बकऱ्या सुटतात. पोरं जातात."

"बोर्ड लिहू या ना बाबा. मोठ्या अक्षरात."

"बोर्ड कोन वाचतंय?" ते म्हणाले. मग बाटली न्याहाळत, हळूच, "तवा मनात आलं होतं गो, ही उकरून काढावी. पण टांगली असती तर रविवारी तूच आली असतीस आणि विचारलं असतंस, पुन्ना का लावली. काय सांगितलं असतं तुला?"

सुरभीने त्यांच्या हातातून बाटली घेतली.

शेताच्या कोपऱ्यात जुना खुंट अजून होता. वाल गुडघ्याएवढा, भरघोस. शेंगा फुगून पिवळ्या पडायला लागल्या होत्या आणि कुणी त्यांना हात लावला नव्हता. हैबतराव बांधावर बसले. सुरभीने सुतळी बाटलीच्या गळ्याला गुंडाळली आणि ती खुंटाला उलटी बांधू लागली. अशा बाटल्या जाळू नका, टांगू नका, जवळ ठेवू नका, हे तिने किती गावांत जाऊन सांगितलं होतं, त्याची मोजदाद नव्हती.

बांधावरून गवताचा भारा घेऊन मैनाकाकी येत होती. ती त्यांच्यापाशी आली, थांबली. डोक्यावरच्या भाऱ्याखालून तिने बाटलीकडे बघितलं.

"आता बांधतेस व्हय," ती म्हणाली.

सुरभीचे हात थांबले. बांधावर हैबतराव जरासे पुढे झुकले, जणू तिला पुन्हा मनगटाला धरून थांबवणार होते. पण ते लांब होते.

"काकी, बाबा विसरले नव्हते. बाटली मी काढायला लावली होती. दिवाळीत. मीच पुरायला लावली."

मैनाकाकीने भारा बांधावर टाकला. हैबतरावांनी मान खाली घातली. ती खुंटापाशी आली. सुरभी बाजूला झाली. काकीने गाठ बोटांनी चाचपली, एकदा हिसडली. गाठ सुटली आणि बाटली खाली घसरली.

"ही ऱ्हायची नाय," मैनाकाकी म्हणाली. "वारा हाय इकडं."

तिने सुतळी दुहेरी केली आणि गुरांच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. मग बाटली सुरभीच्या कमरेएवढ्या उंचीवर सरकवली आणि पुन्हा आवळली. "बारक्या पोरांना दिसाया पायजे," ती म्हणाली. दाताने तिने सुतळीचं टोक तोडायला घेतलं, तसं सुरभीने तिचा हात धरला.

"तोंड नका लावू, काकी."

मैनाकाकीने सुतळी सोडून दिली. हात लुगड्याला पुसले. ती भाऱ्यापाशी गेली, डोक्यावर चुंबळ बसवली आणि उभी राहिली. भारा मोठा होता, दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय डोक्यावर जाणारा नव्हता. हैबतराव बांधावरून उठायला लागले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"सुरभे," ती म्हणाली, "लाव गो हात."

सुरभीने वाकून भाऱ्याची एक बाजू धरली.